सख्खा की चुलत?

आमच्या घरात ‘सख्खा’ हा शब्द फक्त भांडणात निघायचा. मिरजेच्या वाड्यात आम्ही सात भावंडं एकत्र वाढलो. त्यातली माझी सख्खी दोनच, पण ते मोजायची वेळ कधी आली नाही. माझा आतेभाऊ आजही चारचौघांत ‘ही माझी बहीण’ अशीच ओळख करून देतो. पुढे ‘म्हणजे मामेबहीण’ असं कुणी जोडलं तर त्याला राग येतो. हे सगळं मला कळतं. तरीही फेब्रुवारी २०१७ मध्ये, जर्मनीतल्या एका कचेरीच्या बंद खोलीत, मी ते विसरले. त्या विसरण्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. त्यांना मी मास्तर म्हणते. त्यांचं नाव आणि गाव लिहिणार नाही, कारण त्यांची माणसं अजून तिथेच आहेत.

जर्मन मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकले. उर्दू आली ती मिरजेत, आमच्या गल्लीतल्या खालाबींकडून. त्यांच्या घरी शेवया वळताना, सतारींच्या भोपळ्यांमध्ये लपाछपी खेळताना ती कानावर पडली. लिपी पुढे हौसेने शिकले. लग्नानंतर जर्मनीत आले, मुलं मोठी झाली, आणि २०१६ साली एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, दुभाषीचं काम करशील का? त्या एका वर्षात जर्मनीत आश्रयासाठी सात लाखांहून जास्त अर्ज झाले होते. उर्दू आणि जर्मन दोन्ही येणारी माणसं कचेऱ्यांना हवीच होती. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक शपथ, आणि तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत.

खोलीत माणसं तीनच. अधिकारी, अर्जदार आणि मध्ये मी. अर्जदार बोलतो, मी जर्मनमध्ये सांगते, अधिकारी तेच वाक्य यंत्राला सांगतो आणि ते पडद्यावर उमटतं. शेवटी सगळा जबाब मी अर्जदाराच्या भाषेत वाचून दाखवायचा, त्याने ‘बरोबर आहे’ म्हणायचं आणि सही करायची. या वाचून दाखवण्यावर कायद्याची मोठी भिस्त असते. चूक राहिली असेल तर ती इथे पकडली जाते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मीही ते डोळे मिटून मानलं होतं.

मास्तर बलुचिस्तानच्या मकरान भागातले. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी ओसरीवर गावातल्या पोरांना बलुची लिहायला-वाचायला शिकवायचे, कारण त्यांच्या शाळेत ती भाषा नव्हती. त्या पोरांपैकी दोघं-तिघं विद्यार्थी संघटनेत गेले. मार्च २०१३ मध्ये बीएसओ-आझाद या बलुच विद्यार्थी संघटनेवर पाकिस्तान सरकारने बंदी घातली, आणि ओसरीवरची पाटी-पेन्सिल संशयाची वस्तू झाली. मास्तर कुठल्याच पक्षात नव्हते. अर्जदारांना हे सांगायला नेहमी भीती वाटते. ‘मी काही पुढारी नाही’ म्हटलं तर हे लोक परत पाठवतील, असं त्यांना वाटतं. खरं तर कायद्याला त्याची गरजच नसते. तुमची मतं खरोखर तशी आहेत का, हा प्रश्न नाही. छळणारा तुम्हाला तसं समजतो का, एवढंच पाहायचं असतं. पण हे त्यांना सांगणं माझं काम नव्हतं. दुभाषीने सल्ला द्यायचा नसतो.

त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर मांडला. शाळेचं ओळखपत्र. मोबाइलवरून छापलेली, कडेला अक्षरं तुटलेली एका एफआयआरची प्रत. एका वर्तमानपत्राचं चार ओळींचं कात्रण. आणि एक फोटो. बेपत्ता माणसांच्या घरच्यांनी २०१३-१४ मध्ये क्वेट्ट्याहून कराचीला आणि तिथून इस्लामाबादला पायी मोर्चा नेला होता. मामा कदीर नावाचे वयस्क गृहस्थ, ज्यांचा स्वतःचा मुलगा असाच उचलून नेऊन मारला गेला, ते पुढे होते. त्या मोर्चाच्या कराचीतल्या थांब्यावरचा हा फोटो. एक बाई, हातात चौकट, चौकटीत एक तरुण.

पिशवीतून कागद निघताना मला आमचे आजोबा दिसले. त्यांच्याकडे प्लॅस्टिक नव्हतं, खादीची थैली होती.

आजोबा कुंडलच्या बाजूचे. बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात रात्रीचे निरोप पोचवायचे, भूमिगतांना उसाच्या फडात भाकरी नेऊन द्यायचे. स्वतःही वर्षभर घराबाहेर होते. एकदाही सापडले नाहीत. १९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली आणि गावातल्या पोरांनी त्यांच्याकडून अर्ज भरून घेतला. तो परत आला. सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला जोडा. आजोबा हसून म्हणाले, ‘घावलो असतो तर दाखला असता. न घावण्यातच तर सगळं काम होतं!’ भूमिगतांसाठी वेगळा नियम होता, पण त्यालाही फरार घोषित केल्याचा हुकूम, पकडण्यासाठी लावलेलं बक्षीस किंवा न बजावलेलं वॉरंट लागायचं. म्हणजे इंग्रजाने तुमचा छळ केला हे इंग्रजाच्याच कागदाने सिद्ध करायचं. ते नसेल तर ज्याने स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलाय अशा कुणीतरी लिहून द्यायचं की, हा माणूस मला ठाऊक आहे. शेजारच्या गावच्या एका वृद्धाने ते लिहून दिलं. येरवड्यात वर्षं काढलेला माणूस, सही करताना हात थरथरायचा. पेन्शन मिळाली. त्या वर्षापासून आजोबा मरेपर्यंत दर सुगीला त्या घरी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं जायचं. लहानपणी मला ते पोतं म्हणजे नात्यातलं देणं-घेणं वाटायचं. ते कर्ज होतं हे फार उशिरा कळलं.

शंका घेणाऱ्याला मी सरसकट दुष्ट म्हणणार नाही. आपल्याकडे बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं मराठवाड्यात कोर्टापर्यंत गेलीच की. पाकिस्तानातल्या एफआयआरही पैसे देऊन छापून मिळतात, हे प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असतं. आणि प्रत खरी का खोटी हे विचारायचं कुणाला? तिथल्याच पोलिसांना विचारलं तर ज्याच्यापासून पळालो त्यालाच पत्ता कळवल्यासारखं होतं. बेपत्ता करण्याच्या गुन्ह्यात तर आणखी गंमत. ज्याला उचललं त्याची नोंदच नसते. पोलीस म्हणतात, आमच्याकडे असा कुणी नाही. म्हणून शेवटी पुरावा एकच उरतो, माणसाचं सांगणं. ते सुसंगत आहे का, बारकावे आहेत का, आधीच्या आणि नंतरच्या बोलण्यात फरक पडतोय का, हे तासन् तास पाहिलं जातं.

अधिकारी वाईट नव्हता. पाणी विचारायचा, ‘घाई नाही’ म्हणायचा. पण त्याला तारखा हव्या होत्या. मास्तर म्हणाले, ‘खजूर उतरायच्या दिवसांत.’ मी सांगितलं. अधिकाऱ्याने महिना विचारला. मास्तरांनी डोळे मिटले. जुलै असेल, ऑगस्टही असेल, खजूर कुठल्या जातीचा त्यावर आहे. माझ्या आजोबांच्या आठवणींनाही तारखा नव्हत्या, ज्वारी पोटरीत आलेली असायची नाहीतर बेंदूर जवळ आलेला असायचा. पडद्यावर उमटलं: ‘जुलै किंवा ऑगस्ट, नक्की सांगता येत नाही.’ हे वाक्य कागदावर किती लंगडं दिसतं!

आणि मग ते म्हणाले, ‘दो हज़ार बारह में मेरे भाई को बस से उतार कर ले गए.’ साध्या कपड्यांतली माणसं, पांढरी गाडी. चार महिन्यांनी नदीच्या कोरड्या पात्रात देह सापडला. ते सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. माझा हलला. मी म्हटलं, ‘ब्रुडर.’ जर्मनमध्ये त्याचा अर्थ सख्खा भाऊच.

सुनावणीच्या सुरुवातीलाच ठरावीक प्रश्न असतात. आई-वडील, भावंडं किती, कुठे असतात. तेव्हा मी नीट विचारलं होतं, ‘सगे भाई-बहन कितने?’ ते म्हणाले होते, एक भाऊ, धाकटा, गावीच असतो, दोन बहिणी. तीन तासांपूर्वी माझ्याच तोंडून ‘सगे’ हा शब्द गेला होता. तरी ‘मेरे भाई’ कानावर पडल्यावर मी थांबले नाही. कुठला भाई, असं विचारायला दोन सेकंद लागली असती.

२०१४ मध्ये त्यांना स्वतःला नेलं. चाळीस दिवस. तळपायांचं काय झालं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि चपला काढायला वाकले. अधिकाऱ्याने हात वर करून थांबवलं, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागेल म्हणाला. २०१५ च्या शेवटी ते इराण, तुर्कस्तान, समुद्र असं करत जर्मनीत पोचले.

संध्याकाळी मी जबाब वाचून दाखवला. बाहेर अंधारलं होतं, डोकं ठणकत होतं. जर्मन ‘ब्रुडर’वर नजर पडली की तोंडून उर्दू ‘भाई’ निघायचं, आणि मास्तर मान हलवायचे. त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी जे सांगितलं होतं तेच होतं. भाई. चूक फक्त जर्मन कागदावर होती, आणि तो कागद त्यांना वाचता येत नव्हता. वाचून दाखवण्याने चूक सापडते म्हणतात. ही चूक मात्र त्याच वाचनात लपून बसली. त्यांनी सही केली आणि मला म्हणाले, ‘शुक्रिया, बाजी. आप थक गई होंगी.’ बाजी म्हणजे ताई.

उन्हाळ्यात अर्ज फेटाळला गेला. त्या गर्दीच्या काळात एक जण ऐकायचा आणि दुसराच कुणी कागद वाचून निकाल लिहायचा, असं सर्रास व्हायचं. कागद वाचणाऱ्याला दिसलं ते असं: अर्जदाराला एकच भाऊ, तो गावी सुखरूप. पुढे म्हणतो, भावाला मारलं. छळाच्या कहाणीचा गाभाच विसंगत, म्हणून बाकीचंही विश्वासार्ह नाही. अपिलाला दोन आठवडे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दुभाषीला निकाल कळत नाहीत आणि अर्जदाराशी संबंध ठेवायची परवानगी नसते. चूक शोधून काढली ती एका निवृत्त शिक्षिकेने. त्या निर्वासितांना शनिवारी जर्मन शिकवायच्या, आणि उभं आयुष्य त्यांनी शाळेत लॅटिन शिकवलं होतं. मी त्यांना लॅटिनच्या बाई म्हणते. मास्तरांनी निकालाचा लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळा जबाब दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा फोटोच्या परिच्छेदापाशी थबकल्या. तिथे लिहिलं होतं, चौकट धरलेली बाई ही अर्जदाराची चुलती असून चौकटीत तिचा मुलगा आहे, ज्याला बसमधून उतरवलं. भावाची आई चुलती कशी? दुसऱ्या कुणाला ही आणखी एक विसंगती वाटली असती. बाईंना सिसेरो आठवला. तो आपल्या चुलतभावाला सरळ ‘फ्रातेर’, म्हणजे भाऊच म्हणतो. लॅटिनमध्येही सख्खेपणा दाखवायचा तर वेगळा शब्द जोडावा लागतो, आणि तो शब्द आहे ‘जर्मानुस’. हे मला बाईंनी पुढे हसत सांगितलं. मला तेव्हा हसू आलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेलेल्या भाषेतून जर्मन बाईला जे कळलं, ते मिरजेच्या वाड्यातल्या मला कळायला हवं होतं.

अपिलासाठी मास्तरांच्या वकिलाचं ‘भाई’बद्दल विचारणारं पत्र आलं तेव्हा मी काय केलं ते लिहितेच. दोन दिवस ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. काम जाईल, नाव यादीतून काढतील, हीच भीती पहिली आली. मास्तर नंतर आठवले. मग एक सभ्य उत्तर लिहिलं: उर्दूत ‘भाई’ या शब्दाला व्यापक अर्थ असून संदर्भानुसार त्यात चुलत-मावस भावंडांचाही समावेश होऊ शकतो. एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं पत्र पळवाट होतं. शब्दकोशावर ढकलून मी मोकळी झाले होते.

आश्रयाच्या प्रांतातला सर्वांत प्रसिद्ध मराठी खटला मला त्या आठवड्यात सारखा आठवत होता. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेयला बोटीतून उडी मारली, फ्रेंच किनारा गाठला आणि तिथल्या शिपायाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. हेगच्या लवादाने १९११ मध्ये मान्य केलं की अटक नियमाला धरून झाली नाही, पण म्हणून कैदी परत करायचं बंधन इंग्लंडवर नाही. शाळेत हे वाचताना आम्ही चिडायचो. चूक झाली हे मान्य करायचं आणि निस्तरायची मात्र नाही, हा कुठला न्याय! माझं पत्र त्याहून वेगळं काय होतं?

लॅटिनच्या बाईंनी मला कॉफीला बोलावलं. रागावल्या नाहीत. माझं पत्र टेबलावर ठेवून एवढंच विचारलं, ‘यात तुम्ही कुठे आहात?’ मी निमूटपणे पत्र परत घेतलं. दुसरं लिहिलं. त्यात चारच वाक्यं होती आणि शेवटचं होतं, ‘कोणता भाऊ हे मी विचारलं नाही.’

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तेवढा काळ मास्तर एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलत होते आणि दर काही महिन्यांनी राहण्याचा कागद वाढवून घेत होते. या काळात डॉक्टरांचा अहवाल आला. छळाच्या वैद्यकीय नोंदींसाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात डॉक्टर ‘असं घडलं’ म्हणत नाही. व्रणाचं आणि सांगण्याचं किती जुळतं, एवढंच पाच पायऱ्यांवर सांगतो: अजिबात न जुळणारं, जुळणारं, चांगलंच जुळणारं, अशा मारहाणीत नेहमी दिसणारं, आणि दुसऱ्या कशानेही न होणारं. मास्तरांचे तळपाय तिसऱ्या पायरीवर होते. पाचवी मिळाली असती तर बरं झालं असतं, असं वकील म्हणाले. कुणाला अजून जास्त मारलं असतं तर बरं, असा त्याचा अर्थ होतो हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते लगेच दुसऱ्या विषयावर गेले.

ऑक्टोबर २०१९. न्यायाधीश एक बाई होत्या. दुभाषी दुसरे, आणि मी साक्षीदाराच्या खुर्चीत. प्रश्न सरळ होते.

‘अर्जदार कोणता शब्द बोलले?’

‘भाई.’

‘त्याचा अर्थ चुलतभाऊ असू शकतो हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?’

‘हो. लहानपणापासून.’

‘मग?’

‘मी विचारलं नाही. तीन तास झाले होते, मी थकले होते. त्यांनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं.’

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मास्तरांकडे वळून विचारलं, जबाब वाचून दाखवला तेव्हा तुम्ही हरकत का घेतली नाही? दुभाषींनी प्रश्न उर्दूत केला. मास्तर जरा गोंधळले, कसली हरकत हेच त्यांना कळेना.

‘बाजींनी भाई म्हटलं,’ ते म्हणाले. ‘तो माझा भाईच होता.’

नवे दुभाषी क्षणभर थांबले. मग जर्मनमध्ये म्हणाले, ‘हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवतो.’ आणि ‘भाई’ जसाच्या तसा जबाबात गेला. इतकं साधं होतं ते.

बाहेर व्हरांड्यात मी माफी मागायची वाक्यं जुळवत उभी होते. मास्तरांनी पिशवीतून थर्मास काढला. तीच पिशवी. झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘माझ्यामुळे तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, बाजी.’ माझी वाक्यं तशीच राहिली. चहा फार गोड होता.

काही आठवड्यांनी निकाल आला. निर्वासितांच्या अर्जांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने १९७९ मध्ये एक हस्तपुस्तिका काढली, तिच्यात म्हटलंय की अर्जदाराने मनापासून प्रयत्न केला असेल आणि त्याचं सांगणं एकूण विश्वासार्ह असेल, तर उरलेल्या शंकेचा फायदा त्याला द्यावा. जर्मन न्यायालयंही हे धरून चालतात की पळून आलेल्या माणसाकडे पुराव्याची वानवा असणारच. विसंगती भाषांतराची, अर्जदाराची नव्हे, असं निकालात होतं. मास्तरांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. त्यांच्या निळ्या प्रवासपत्रावर सगळ्या देशांची मोकळीक आहे, एक पाकिस्तान सोडून. २०२१ मध्ये आई गेली तेव्हा त्यांनी जनाज़ा फोनवर पाहिला.

माझं काम गेलं नाही. त्या वर्षापासून रमज़ानच्या आधी माझ्या घरी खजुराचा एक डबा येतो. मकरानातल्या तुर्बतचा नसतो, इथल्याच तुर्की दुकानातला असतो. मी एकदा फोन करून म्हटलं, मास्तर, उलटं व्हायला हवं, मी तुम्हाला पाठवायला हवं. ते म्हणाले, तुम्ही येऊन बोललात. त्यांच्या लेखी मी येरवड्यातला तो थरथरत्या हाताचा म्हातारा आहे. माझ्या लेखी नाही. डबा मी परत पाठवत नाही, पण शेंगांचं पोतं आठवल्याशिवाय तो उघडताही येत नाही.

आता प्रत्येक सुनावणीत मी ‘सगा या चचाज़ाद?’ विचारते, आणि ‘अंकल’ म्हटलं की वडिलांचा भाऊ की आईचा, हेही. सुनावणी लांबते. अधिकारी घड्याळ बघतात, बघू देत.

दुभाषीची टिपणं घरी न्यायची नसतात. सुनावणी संपली की तिथेच फाडून टाकायची. म्हणून फेब्रुवारी २०१७ पर्यंत ज्या खोल्यांमध्ये मी बसले, तिथे आणखी किती जण ‘भाई’ म्हणाले होते आणि त्यातल्या कितींना मी ‘ब्रुडर’ केलं, हे मला मोजता येत नाही.